उत्तराआधीची पहिली ओळ : रसायनशास्त्राच्या उदाहरणसंचाच्या प्रकल्प नोंदी

१० जून २०२४

अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी मूलभूत रसायनशास्त्रातील सोडवलेल्या उदाहरणांचा संच तयार करण्याचे काम आजपासून हाती घेतले आहे. अभिक्रिया, द्रावणे आणि अणुरचना असे त्याचे तीन भाग ठरले असून, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकून विज्ञान शाखेत आलेल्या मुलांना ही आकडेमोड एकदा आपल्या भाषेत नीट समजावी, एवढाच त्यामागचा हेतू आहे.

उदाहरणांची गाइडे बाजारात पुष्कळ मिळतात. त्यांत सूत्र लिहायचे, किमती घालायच्या आणि उत्तराखाली दोन रेघा ओढायच्या, अशी एकच रीत दिसते. सूत्र पाठ असलेला विद्यार्थी प्रश्नाची भाषा थोडी बदलली की अडतो, कारण ते सूत्र कशाच्या आधारावर उभे आहे हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. म्हणून संचातल्या प्रत्येक उत्तराची पहिली ओळ सूत्राची नसावी, असे ठरवले आहे. दिलेल्या घटनेत कोणती गोष्ट बदलत नाही, हे त्या ओळीत पूर्ण वाक्यात लिहायचे आणि मगच आकड्यांना हात घालायचा. ही रीत तिन्ही भागांना पुरते की नाही, हे पाहणे हाही या कामाचा एक भाग आहे. अणुरचनेच्या बाबतीत माझ्या सहकारी प्राध्यापिकांना शंका आहे आणि ती रास्त आहे.

१३ जून २०२४

पहिले उदाहरण चुनखडीचे घेतले. चुनखडीत ९० टक्के कॅल्शियम कार्बोनेट आहे आणि उरलेले १० टक्के वाळू, माती अशी भट्टीत न बदलणारी अशुद्धी आहे. अशी १००० किलोग्रॅम चुनखडी पूर्ण भाजली तर कळीचा चुना किती मिळेल?

कॅल्शियम कार्बोनेटचे रेणुवस्तुमान १००, कॅल्शियम ऑक्साइडचे ५६ आणि कार्बन डायऑक्साइडचे ४४ धरले की ९०० किलोग्रॅम कार्बोनेटपासून ५०४ किलोग्रॅम ऑक्साइड आणि ३९६ किलोग्रॅम वायू मिळतो. गाइडातले उत्तर येथेच संपते. परंतु पहिल्या ओळीत आपण दोन गोष्टी लिहिलेल्या असतात: कॅल्शियमचे अणू तेवढेच राहतात आणि अशुद्धीचे १०० किलोग्रॅमही तेवढेच राहतात. त्यामुळे भट्टीतून बाहेर येणारा माल ५०४ किलोग्रॅम नसून ६०४ किलोग्रॅम आहे, हे ओघानेच लक्षात येते. मग पुढचा प्रश्न विचारता येतो: या चुन्याची शुद्धता किती? ५०४ भागिले ६०४, म्हणजे सुमारे ८३.४ टक्के. कच्चा माल ९० टक्के शुद्ध होता आणि तयार माल ८३ टक्के, याचे मुलांना आश्चर्य वाटते. पण वायू निघून गेला आणि माती तिथेच राहिली, एवढेच त्याचे कारण आहे. हा दुसरा प्रश्न मला पहिल्यापेक्षा अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण त्याला तयार सूत्र नाही.

१७ जून २०२४

आज अमोनियाचे उदाहरण लिहिले आणि त्यानिमित्ताने पहिल्या ओळीची भाषा काटेकोर करावी लागली. मोल म्हणजे कणांची एक ठरावीक मोठी संख्या. एक मोल नायट्रोजन आणि तीन मोल हायड्रोजन यांच्यापासून दोन मोल अमोनिया तयार होतो. डावीकडे चार मोल आणि उजवीकडे दोन, म्हणजे मोलांची संख्या येथे टिकत नाही. वायूंचे आकारमानही टिकत नाही. टिकतात ते अणू आणि त्यांच्यामुळे एकूण वस्तुमान. ‘मोल बदलत नाहीत’ असे सरसकट लिहिण्याचा मोह द्रावणांच्या भागात फार होणार आहे, तेव्हा ते विधान कोठे खरे आणि कोठे खोटे, हे अभिक्रियांच्या भागातच स्पष्ट केलेले बरे.

उदाहरण असे आहे: २८ किलोग्रॅम नायट्रोजन आणि १० किलोग्रॅम हायड्रोजन घेतले, तर जास्तीत जास्त किती अमोनिया मिळेल आणि काय उरेल? नायट्रोजन १ किलोमोल आहे आणि त्याला ३ किलोमोल, म्हणजे ६ किलोग्रॅम हायड्रोजन लागतो. त्यामुळे नायट्रोजन आधी संपतो, ३४ किलोग्रॅम अमोनिया मिळतो आणि ४ किलोग्रॅम हायड्रोजन उरतो. ३४ आणि ४ मिळून ३८ होतात आणि सुरुवातीलाही ३८ किलोग्रॅमच होते. वजनाला हायड्रोजन कमी असूनही आधी संपतो तो नायट्रोजन, हे ज्याला चटकन पटत नाही त्याने अजून वस्तुमानातच विचार चालवलेला असतो, मोलांत नव्हे.

उत्तराखाली एक टीप जोडली आहे. रायगड जिल्ह्यातील थळच्या खत कारखान्यात अमोनिया आणि युरिया दोन्ही तयार होतात, पण अशा कारखान्यांत वायू उत्प्रेरकावरून (अभिक्रियेचा वेग वाढवणाऱ्या पदार्थावरून) एकदा गेल्यावर त्यातील थोडाच भाग अमोनियात बदलतो. तयार झालेला अमोनिया थंड करून वेगळा काढतात आणि उरलेले वायू पुन्हा आत सोडतात. आपल्या उदाहरणातले ३४ किलोग्रॅम ही वरची मर्यादा आहे, एका फेरीचे उत्पन्न नव्हे.

२१ जून २०२४

पेरणीचे दिवस आहेत, तेव्हा खताच्या गोणीवरचे आकडे उदाहरणात घेणे सयुक्तिक वाटले. शिवाय हे उदाहरण शेतकरी कुटुंबातील मुले घरी जाऊन पडताळून पाहू शकतात.

युरियाचे रेणुवस्तुमान ६० आणि त्यात नायट्रोजनचे दोन अणू, म्हणजे २८. शुद्ध युरियात नत्र ४६.७ टक्के बसते आणि गोणीवर ४६ छापलेले असते. ४५ किलोग्रॅमच्या गोणीत त्या हिशेबाने २०.७ किलोग्रॅम नत्र येते. येथपर्यंत सोपे आहे. डायअमोनियम फॉस्फेटची, म्हणजे डीएपीची गोणी मात्र अधिक शिकवून जाते. तिच्यावर १८:४६ असे लिहिलेले असते. त्यातले १८ टक्के नत्र समजते. ४६ टक्के स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, मात्र फॉस्फरस पेंटॉक्साइडच्या रूपात मोजलेले असते आणि त्या नावाचा पदार्थ गोणीत मुळीच नसतो. गोणीत फॉस्फेट असते. तरीही हा आकडा निरुपयोगी ठरत नाही, कारण फॉस्फरसचा अणू फॉस्फेटमध्ये असो की कागदावरच्या ऑक्साइडमध्ये, मोजणी अणूंचीच चालते. फॉस्फरस पेंटॉक्साइडमध्ये १४२ पैकी ६२ भाग फॉस्फरस असतो, म्हणजे ४३.७ टक्के. त्यामुळे गोणीतला खरा फॉस्फरस ४६ टक्के नसून सुमारे २० टक्के आहे.

मुख्य प्रश्न असा ठेवला: एका हेक्टरला १२० किलोग्रॅम नत्र आणि (गोणीवरच्याच मोजमापाने) ६० किलोग्रॅम स्फुरद द्यायचे आहे. स्फुरद संपूर्णपणे डीएपीतून आणि राहिलेले नत्र युरियातून दिले, तर दोन्ही खते किती लागतील? ६० भागिले ०.४६ म्हणजे सुमारे १३०.४ किलोग्रॅम डीएपी, त्यातून २३.५ किलोग्रॅम नत्र आपोआप मिळते, राहिलेल्या ९६.५ किलोग्रॅम नत्रासाठी सुमारे २१० किलोग्रॅम, म्हणजे पावणेपाच गोण्यांच्या जवळपास युरिया लागतो. डीएपीतले नत्र हिशेबात न धरता युरियाच्या जवळजवळ सहा गोण्या टाकल्या जातात, ही चूक कागदापुरती राहत नाही, तिची किंमत पिकाला आणि विहिरीच्या पाण्यालाही मोजावी लागते.

२५ जून २०२४

वायूंच्या मोलर आकारमानावर, म्हणजे एक मोल वायू किती जागा व्यापतो यावर, टीप लिहिली. काही पुस्तकांत २२.४ लिटर, तर काहींत २२.७ लिटर दिलेले असते आणि विद्यार्थी कोणते खरे असे विचारतात. दोन्ही खरी आहेत. तापमान दोन्हीकडे ० अंश सेल्सिअसच आहे. दाब एक वातावरण धरला तर २२.४ आणि एक बार धरला तर २२.७. प्रश्नात दाब दिलेला असेल तोच वापरावा.

२ जुलै २०२४

द्रावणांचा भाग सुरू केला. मोलरतेचे, म्हणजे एक लिटर द्रावणात किती मोल विरघळलेले आहेत याचे, पहिले उदाहरण मिठाच्या पाण्याचे घ्यावे अशी प्रथा आहे. त्याऐवजी जलसंजीवनीची, म्हणजे ओआरएसची पुडी घेतली. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या सूत्राप्रमाणे एक लिटर द्रावणात २.६ ग्रॅम सोडियम क्लोराइड, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट डायहायड्रेट आणि १३.५ ग्रॅम निर्जल ग्लुकोज असते. घटकांची ही यादी पुडीच्या पाठीवर छापलेली असते, त्यामुळे प्रश्नातली सर्व माहिती विद्यार्थ्याला स्वतः पुडीवरून उतरवून घेता येते.

पहिली ओळ: पदार्थ विरघळताना आयन सुटे होतात, पण प्रत्येक मूलद्रव्याचे अणू तेवढेच राहतात. आता हिशेब पाहू. सोडियम क्लोराइड २.६ भागिले ५८.४, म्हणजे ४४.५ मिलिमोल. पोटॅशियम क्लोराइड १.५ भागिले ७४.६, म्हणजे २०.१ मिलिमोल. सायट्रेट २.९ भागिले २९४, म्हणजे ९.९ मिलिमोल, आणि त्याच्या प्रत्येक एककात सोडियमचे तीन आयन असल्यामुळे त्यातून २९.६ मिलिमोल सोडियम मिळते. ग्लुकोज १३.५ भागिले १८०, म्हणजे ७५ मिलिमोल. एकूण सोडियम ७४.१, क्लोराइड ६४.६, पोटॅशियम २०.१, सायट्रेट ९.९ आणि ग्लुकोज ७५. अधिकृत तक्त्यात हेच आकडे अनुक्रमे ७५, ६५, २०, १० आणि ७५ असे असून त्यांची बेरीज लिटरला २४५ मिलिमोल आहे.

यात दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. एक, सोडियम दोन वेगवेगळ्या क्षारांतून येते आणि द्रावणात गेल्यावर कोणता आयन कोठून आला हा भेद उरत नाही. दुसरी, सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही ७५ आहेत, हा योगायोग नाही. आतड्याच्या आवरणातून ग्लुकोज आत जाताना सोडियमला बरोबर घेऊन जाते आणि त्यांच्यामागून पाणी जाते, या वहनावरच जलसंजीवनीचे सारे कार्य उभे आहे. १९७१ मध्ये बांगलादेशाच्या निर्वासितांत कॉलरा पसरला असताना डॉ. दिलीप महालनबीस यांनी बनगावच्या छावणीत शिरेतून द्यायचे द्रव अपुरे पडू लागल्यावर तोंडावाटे द्यायच्या द्रावणाचा मोठ्या प्रमाणावर वापर केला. त्या वेळचे प्रमाण आजच्यापेक्षा वेगळे होते, पण तत्त्व हेच होते.

पुडी एक लिटरची असताना ती अर्ध्या लिटरमध्ये कालवली तर काय होईल, हा जोडप्रश्न आहे. मोल तेवढेच, आकारमान निम्मे, म्हणून सर्व संहती (लिटरमागचे प्रमाण) दुप्पट आणि एकूण ४९० मिलिमोल. रक्तातील द्रवाची हीच संख्या साधारण २८५ ते २९५ असते, म्हणजे असे दाट द्रावण आतड्यात पाणी ओढू शकते. आजारी मुलाला जास्त ताकद मिळावी म्हणून पुडी कमी पाण्यात घालणाऱ्या घरांत हे उदाहरण पोहोचले तर बरे होईल.

६ जुलै २०२४

तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लाच्या बाटलीचे उदाहरण: वजनी ३७ टक्के, घनता १.१९ ग्रॅम प्रति मिलिलिटर. एक लिटर आम्लाचे वस्तुमान ११९० ग्रॅम, त्यात हायड्रोजन क्लोराइड ४४०.३ ग्रॅम, म्हणजे १२.१ मोल. मोलरता १२.१ झाली. मोललता, म्हणजे एक किलोग्रॅम द्रावकामागे द्राव्याचे किती मोल आहेत ते, काढताना मात्र लिटर विसरून १०० ग्रॅम द्रावण घ्यायचे: ३७ ग्रॅम आम्ल आणि ६३ ग्रॅम पाणी, १.०१५ मोल भागिले ०.०६३ किलोग्रॅम, म्हणजे १६.१. त्याच बाटलीतील त्याच द्रवाचे हे दोन आकडे शेजारी शेजारी छापायचे आहेत, कारण विरल द्रावणांची उदाहरणे सोडवून सोडवून मोलरता आणि मोललता जवळपास सारख्याच असतात असा एक समज रुजलेला असतो.

विरलीकरणाची पहिली ओळ सरळ आहे: पाणी घातल्याने द्राव्याचे मोल बदलत नाहीत. त्यापाठोपाठ काय बदलते, तेही लिहिले आहे. आकारमान बेरजेने वाढतेच असे नाही. ५० मिलिलिटर पाणी आणि ५० मिलिलिटर इथेनॉल मिसळले तर १०० मिलिलिटर न भरता सुमारे ९६ भरते. म्हणूनच ‘२.०७ मिलिलिटर आम्लात २४७.९३ मिलिलिटर पाणी घाला’ अशी वाक्ये संचात कोठेही ठेवायची नाहीत, असे ठरले. मोजचंबूत आधी थोडे पाणी घ्यावे, त्यात आम्ल सोडावे आणि मग खुणेपर्यंत पाणी भरून २५० मिलिलिटर करावे, हेच रसायनशास्त्रही आहे आणि प्रयोगशाळेची शिस्तही.

तापमानाची टीपही येथेच दिली. आपल्याकडच्या पुष्कळ मोजचंबूंवर २७ अंश सेल्सिअस छापलेले असते. त्या तापमानाला ०.१००० मोलर असलेले विरल द्रावण विदर्भातल्या मे महिन्यात ४० अंशांवर गेले तर पाण्याची घनता ०.९९६५ वरून ०.९९२२ पर्यंत उतरते आणि मोलरता ०.०९९६ होते. मोललता तीच राहते, कारण वजन उन्हाने बदलत नाही.

१२ जुलै २०२४

आज अनुमापनाचे, म्हणजे माहीत संहतीच्या द्रावणावरून दुसऱ्या द्रावणाची संहती शोधण्याचे, उदाहरण प्रत्यक्ष करून पाहिले, म्हणजे प्रश्नातले आकडे खऱ्या ब्युरेटवर येतील असे असावेत. ऑक्झॅलिक आम्ल डायहायड्रेटचे १.५७६ ग्रॅम तोलून २५० मिलिलिटर द्रावण केले की ते ०.०५ मोलर होते. त्यातले १० मिलिलिटर पिपेटने शंकुपात्रात घेतले, विरल सल्फ्युरिक आम्ल घातले, ६० ते ७० अंशांपर्यंत तापवले आणि ब्युरेटमधून पोटॅशियम परमँगनेट सोडले.

पहिल्या थेंबांचा गुलाबी रंग लगेच जात नाही. नवखा विद्यार्थी तोच अंत्यबिंदू (अभिक्रिया पूर्ण झाल्याची खूण) समजून थांबतो किंवा गोंधळून भराभर थेंब सोडतो. शंकुपात्र हलवत थोडे थांबले की रंग मावळतो आणि त्यानंतरचे थेंब पडताक्षणी नाहीसे होऊ लागतात, कारण अभिक्रियेत तयार झालेले मँगनीज आयनच पुढच्या अभिक्रियेचा वेग वाढवतात. ब्युरेटमधला द्रव इतका गडद असतो की खालची वक्ररेषा दिसत नाही, म्हणून येथे वरच्या कडेचे वाचन घ्यावे लागते. दर्शक वेगळा लागत नाही. परमँगनेटचा एक जादा थेंब फिकट गुलाबी छटा देतो आणि ती टिकली की थांबायचे. हायड्रोक्लोरिक आम्ल का चालत नाही, हेही टिपेत आहे: परमँगनेट क्लोराइडचेही ऑक्सिडीभवन करते आणि वाचन फुगते.

प्रश्नासाठी वाचन ९.८ मिलिलिटर धरले. येथे पहिली ओळ खरोखर कामाला येते. विरलीकरणाचे ‘मोलरता गुणिले आकारमान’ हे समीकरण दोन्ही बाजूंना तसेच लावले, तर परमँगनेटची मोलरता ०.०५१ येते. पण येथे दोन द्रावणांचे मोल सारखे नसतात; सारखे असतात ते दिलेले आणि घेतलेले इलेक्ट्रॉन. मँगनीजची ऑक्सिडीभवन अवस्था +७ वरून +२ वर येताना ते पाच इलेक्ट्रॉन घेते आणि ऑक्झॅलिक आम्लाचा प्रत्येक रेणू दोन देतो. म्हणून २ मोल परमँगनेटला ५ मोल ऑक्झॅलिक आम्ल. ०.५ मिलिमोल ऑक्झॅलिक आम्लाने १ मिलिमोल इलेक्ट्रॉन दिले, ते घ्यायला ०.२ मिलिमोल परमँगनेट लागले आणि ०.२ भागिले ९.८ म्हणजे ०.०२०४ मोलर, किंवा लिटरला ३.२३ ग्रॅम. आधीचे उत्तर अडीच पटीने चुकीचे होते आणि त्यात गुणाकाराची एकही चूक नव्हती.

२३ जुलै २०२४

अणुरचना. क्लोरीनच्या सरासरी अणुवस्तुमानाचे उदाहरण लिहून झाले. दोन समस्थानिकांची (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वस्तुमानांच्या अणूंची) वस्तुमाने ३४.९७ आणि ३६.९७, प्रमाणे ७५.७६ आणि २४.२४ टक्के, सरासरी ३५.४५. एवढ्या वजनाचा क्लोरीनचा एकही अणू नाही, हे वाक्य उत्तराखाली घातले आहे.

यानंतर बोर या शास्त्रज्ञाचे अणूचे प्रारूप, ज्यात इलेक्ट्रॉन ठरावीक ऊर्जेच्या पातळ्यांवरच असतात. येथे टिकणारी गोष्ट ऊर्जा आहे: इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवरून खाली येतो तेव्हा पातळ्यांमधला फरक प्रकाशकणाच्या रूपाने बाहेर पडतो. हायड्रोजनमध्ये तिसऱ्या पातळीवरून दुसऱ्या पातळीवर येताना १३.६ गुणिले (१/४ वजा १/९), म्हणजे १.८९ इलेक्ट्रॉनव्होल्ट. १२४० ला या आकड्याने भागले की तरंगलांबी सुमारे ६५६ नॅनोमीटर येते आणि हीच वर्णपटातली लाल रेषा. सहकारी प्राध्यापिकांची शंका येथे बरीचशी मिटली, तरी त्यांचे म्हणणे असे की ऊर्जा टिकते हे सांगून पातळ्या ठरावीकच का, याचे उत्तर मिळत नाही. ते बरोबर आहे. पहिली ओळ हिशेबाचा पाया देते. प्रारूपाची गृहीतके वेगळी लिहावी लागतात आणि तशी ती लिहिली आहेत.

२९ जुलै २०२४

या भागातले सर्वांत आवडते उदाहरण आज पूर्ण झाले. १८९६ मध्ये खगोलशास्त्रज्ञ पिकरिंग यांना झीटा पपिस या ताऱ्याच्या वर्णपटात रेषांची एक मालिका दिसली. तिच्यातल्या एकाआड एक रेषा हायड्रोजनच्या बामर मालिकेशी, म्हणजे दुसऱ्या पातळीवर संपणाऱ्या रेषांशी, जुळत होत्या आणि उरलेल्या त्यांच्या अधेमध्ये पडत होत्या. हा हायड्रोजनचाच काही वेगळा प्रकार असावा आणि तेथे पूर्णांकांऐवजी अर्धे अंक वापरावे लागतात, असा समज झाला. १९१३ मध्ये बोर यांनी सांगितले की या रेषा हायड्रोजनच्या नसून एक इलेक्ट्रॉन गमावलेल्या हेलियमच्या आहेत.

विद्यार्थ्याला पडताळा घेणे अवघड नाही. हेलियमचा अणुअंक २, त्यामुळे ऊर्जा चौपट. सहाव्या पातळीवरून चौथ्या पातळीवर येताना ४ गुणिले (१/१६ वजा १/३६) हे नेमके (१/४ वजा १/९) इतकेच होते, म्हणून ही रेषा हायड्रोजनच्या लाल रेषेवर पडते. सातवीवरून चौथीवर येणारी रेषा ५४१ नॅनोमीटरला येते आणि तेथे हायड्रोजनची रेषा नाही.

परंतु वर्णपटाचे अभ्यासक फाउलर यांनी आक्षेप घेतला की हेलियम आणि हायड्रोजन यांच्या ऊर्जांचे मोजलेले गुणोत्तर नेमके ४ नसून ४.००१६ आहे. वर्णपटाची मोजमापे इतकी अचूक असतात की हा फरक झटकून टाकता येत नाही. बोर यांनी उत्तर दिले की आपण केंद्रक अचल धरले, ते सोयीसाठी. प्रत्यक्षात अचल राहते ते केंद्रक आणि इलेक्ट्रॉन यांचे समाईक वस्तुमानकेंद्र, आणि हलके केंद्रक जड केंद्रकापेक्षा अधिक हलते. प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या १८३६ पट आणि हेलियमचे केंद्रक ७२९४ पट जड. ४ ला (१ अधिक १/१८३६) ने गुणून (१ अधिक १/७२९४) ने भागले की ४.००१६३ येते. सहज उभा केलेला आक्षेपच प्रारूपाचा भक्कम पुरावा ठरला. या ठिकाणी पहिली ओळ बदलल्याने उत्तर बदलते, हे विद्यार्थ्याला स्वतःच्या आकडेमोडीत दिसते आणि मला वाटते, या संचातली ही सर्वांत मोलाची पाच मिनिटे आहेत.

५ ऑगस्ट २०२४

बोरचे सूत्र कोठे चालत नाही, याचे एक उदाहरण देणे भाग होते. इलेक्ट्रॉन न गमावलेल्या हेलियमला अणुअंक २ घालून आयनीभवन ऊर्जा (इलेक्ट्रॉन काढून टाकायला लागणारी ऊर्जा) काढली तर ५४.४ इलेक्ट्रॉनव्होल्ट येते. मोजलेली किंमत २४.६ आहे. ५४.४ ही दुसरा इलेक्ट्रॉन काढण्याची ऊर्जा असून ती अगदी बरोबर जुळते, कारण तेव्हा अणूत एकच इलेक्ट्रॉन उरलेला असतो. दोन्ही इलेक्ट्रॉन काढायला एकूण ७९ लागतात, तर परस्परांचे प्रतिकर्षण नसते तर १०८.८ लागले असते. मधले २९.८ इलेक्ट्रॉनव्होल्ट म्हणजे एका अणूत दोन इलेक्ट्रॉन एकत्र असल्याची किंमत. क्रोमियम आणि तांबे यांच्या इलेक्ट्रॉन संरूपणाचे अपवाद तक्त्यात घातले. त्यांवर अधिक लिहिलेले नाही.

१८ ऑगस्ट २०२४

आजच्या दिवशी दरवर्षी हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला असा मजकूर मोबाइलवर फिरतो. संचात हेलियमचे उदाहरण असल्याने त्याबद्दल दोन ओळी लिहिणे आवश्यक वाटले. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाची निरीक्षणे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ जान्सेन यांनी गुंटूर येथून केली. इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ लॉकियर यांनी सौरज्वालांच्या वर्णपटातली पिवळी रेषा, म्हणजे हेलियमची खूण, त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसताना, इंग्लंडमधून पाहिली. विजयदुर्गाशी लॉकियर यांचा संबंध खरा आहे, पण तो २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाचा. तोपर्यंत रसायनशास्त्रज्ञ रॅम्झी यांनी १८९५ मध्ये पृथ्वीवरच्या खनिजातून हेलियम मिळवलाही होता. किल्ल्याचे महत्त्व याने कमी होत नाही. १८९८ ची मोहीमही सांगण्याजोगी आहे, ती तिच्या खऱ्या सालासह सांगावी.

याला जोडून शेवटचे उदाहरण केले: हेलियमची ५८७.६ नॅनोमीटरची ही पिवळी रेषा हायड्रोजनच्या कोणत्याही दोन पातळ्यांमधून मिळू शकत नाही, हे दाखवा. एकेक जोडी तपासत बसण्याची गरज नाही. पहिल्या पातळीवर संपणाऱ्या रेषांपैकी सर्वांत लांब तरंगलांबी सुमारे १२१.६ नॅनोमीटर, म्हणजे ती मालिका संपूर्ण अतिनीलात. तिसऱ्या पातळीवर संपणाऱ्यांपैकी सर्वांत आखूड सुमारे ८२०, आणि चौथ्या व पुढच्या पातळ्यांच्या मालिका त्याहूनही लांब, म्हणजे अवरक्तात. उरली दुसऱ्या पातळीची मालिका. तिच्यात ६५६ नंतर एकदम ४८६ येते आणि मध्ये काहीच नाही. सोडियमच्या ५८९.० आणि ५८९.६ या रेषाही जवळ असूनही वेगळ्या आहेत. ऊर्जेत पाहिले तर २.११० विरुद्ध २.१०५ आणि २.१०३ इलेक्ट्रॉनव्होल्ट.

तिन्ही भागांचा कच्चा मजकूर आता अक्षरजुळणीसाठी दिला आहे. अणुवस्तुमाने पहिल्या दोन भागांत कोठे पूर्णांकात तर कोठे दशांशात आली आहेत. ती कोठे कशी घेतली, याची टीप प्रत्येक भागाच्या सुरुवातीला जाईल आणि उत्तरे तीन सार्थ अंकांपर्यंत ठेवली जातील. फाउलर-बोर यांचे गुणोत्तर तेवढे याला अपवाद राहील, कारण तेथे पुढचे अंक गाळले तर उदाहरणच उरत नाही.